बाबा हान्नाचा निरोप

अंकाच्या संपादकांनी मला 'दुभाष्याच्या गमतीजमती' लिहून पाठवायला सांगितलं होतं. गमतीजमती आहेत, त्यातल्या दोनतीन सांगतोही. पण पुढे जे लिहिलं आहे ते गमतीचं नाही. ते वगळून लिहायला तीनदा बसलो, तिन्ही वेळा कागद कोरा राहिला. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी सुरतेत दुभाष्याचं काम करतो. मूळ गाव पारोळ्याजवळ. वडील कापडाच्या लूमवर काम करायला सुरतेच्या गोडादऱ्याला आले आणि मी तिथेच वाढलो. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. या चार भाषांचं आमच्या वस्तीत कुणाला कौतुक नव्हतं, सगळ्यांनाच येत होत्या. रशियन मी बडोद्याला शिकलो, कारण तेव्हा हिऱ्यांच्या कचेऱ्यांना रशियन पत्रं वाचणारा माणूस लागायचा आणि मला लूमवर जायचं नव्हतं. एवढं एकच कारण होतं. भाषेवरचं प्रेम वगैरे नंतरचं.

हे काम बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. लोकांना वाटतं, एका भाषेतला शब्द उचलायचा आणि दुसरीत ठेवायचा. पहिली गोष्ट म्हणजे दुभाषी समोरच्याच्या जागी बसून 'मी' म्हणतो. पाहुणा म्हणाला, माझं डोकं दुखतंय, तर मीही म्हणायचं, माझं डोकं दुखतंय. 'त्यांचं दुखतंय' म्हणायचं नाही. सुरतेजवळच्या इच्छापोरमधल्या एका कारखान्यात एक म्हातारे फिटर या नियमामुळे आठवडाभर मला बाम आणून देत होते. पाहुण्याला ते चहा द्यायचे आणि मला बाम.

दुसरी गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. दुभाषी गाळतो. रिंग रोडच्या एका मार्केटात ओडेसाहून आलेल्या एका बाईंबरोबर मी दोन दिवस फिरलो. त्यांना नाटकांच्या कपड्यांसाठी जरीचं कापड हवं होतं आणि त्या प्रत्येक तागा उजेडात नेऊन उलटा करून बघत. दुकानदार वैतागून मला गुजरातीत म्हणाला, ही बाई डोकं खाते. बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, म्हणाले की तुमची नजर फार चांगली आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नजर चांगलीच आहे. म्हणून तर त्यांचा चेहरा दिसला." तरी त्यांनी कापड घेतलं, दुकानदाराने मला पेढा दिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. अशी वीस वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. या गाळण्याला मी कसब समजत होतो.

आता मिकोला पेत्रोविच यांच्याबद्दल. इच्छापोरच्या ज्या कारखान्यात मी तेव्हा तात्पुरता दुभाषी होतो तिथल्या शेठनी एक जुनं, अवाढव्य उभं लेथ विकत घेतलं होतं. या लेथवर जात्याच्या तळीसारखं एक गोल टेबल आडवं फिरतं, त्यावर खोलीएवढा लोखंडी भाग ठेवतात आणि वरून हत्यार खाली येऊन तो कातरतं. यंत्र पूर्व युक्रेनमधल्या एका कारखान्यात बनलेलं होतं. ते सुटं करून बोटीने आलं आणि पाठोपाठ ते जोडायला मिकोला आले. त्यांनी आयुष्यभर त्याच कारखान्यात अशीच यंत्रं जोडली होती. उंच, थोडे वाकलेले, बोटं जाड आणि नखं अगदी स्वच्छ.

पहिल्या भेटीतच घोटाळा झाला. शेठ केबिनच्या दारात उभे राहून स्वागताला हात पुढे करत होते, आणि मिकोलांनी तो हात न धरता शेठना मनगटाला धरून आत ओढलं. शेठ भडकले. मिकोलांकडे उंबरठ्यावरून हात मिळवत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी हे सांगितल्यावर शेठ म्हणाले, आमच्याकडेही उंबरठ्यावर देतघेत नाहीत, हा माणूस आपल्यातला दिसतो. तेव्हापासून दोघांचं जमलं.

त्या पहिल्या खेपेला आम्ही रशियनमध्ये बोलायचो. पाया तपासून ते परत गेले आणि त्यांच्याकडे युद्ध सुरू झालं. यंत्र कित्येक महिने ताडपत्रीखाली पडून राहिलं. साठीच्या आतल्या पुरुषांना तिकडे देश सोडायला बंदी होती; मिकोलांची साठी उलटलेली, म्हणून त्यांना बाहेर पडता आलं. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा मी विमानतळावर नेहमीसारखं रशियनमध्ये 'प्रवास कसा झाला' विचारलं. त्यांनी सामान खाली ठेवलं, मला बाजूला घेतलं आणि सावकाश एक वाक्य बोलले. अर्थ असा: "त्या भाषेत माझ्याशी पुन्हा बोलू नकोस."

वाक्य युक्रेनी होतं. मला अंदाजाने कळलं.

शेठना मी आधीच सांगून ठेवलं होतं की रशियन काय नि युक्रेनी काय, सख्ख्या बहिणी, मला दोन्ही येतात. हे खोटं होतं. मराठी माणसाला न शिकता जितकी गुजराती कळते तितकीच मला युक्रेनी कळायची. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं. सूर कळतो, विषय कळतो, नेमकं काय ठरलं ते कळत नाही. आणि लेथ जोडताना नेमकं काय ते न कळून चालत नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. मिकोलांची शिकवायची पद्धत सोपी आणि छळवादी होती. हातात जी वस्तू असेल तिचं नाव ते सांगायचे, आणि मी ते बरोबर म्हणेपर्यंत वस्तू खाली ठेवायचे नाहीत. पान्हा असो की मोठं बेअरिंग. जड वस्तू मी लवकर शिकलो. आसपासची मंडळी हसायची, पण त्यातल्या दोघातिघांना नटाला 'हायका' म्हणतात हे माझ्याआधी पाठ झालं.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी फुकट मिळतात. तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत. विभक्त्या आहेत, आणि आपल्या शाळेत ज्यांनी त्या छड्या खाऊन पाठ केल्या त्यांना तिथे फार परकं वाटत नाही. रशियनमधल्या पुष्कळ 'ग'चा इथे आपल्यासारखा 'ह' होतो. मधाला 'मेद' म्हणतात. महिन्यांची नावं शेतीवरून आणि झाडांवरून: एक महिना विळ्याचा, एक पानगळीचा. अवघड आहे ते क्रियापद. काम चालू आहे की संपलं, हे क्रियापदातच सांगावं लागतं आणि त्यासाठी बहुतेक वेळा वेगळा शब्द असतो. मी महिनाभर सगळी कामं अर्धवट सोडत होतो, निदान बोलण्यात. आणखी अवघड म्हणजे रशियन विसरणं. ती माझी जुनी, कमावलेली भाषा. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी तीच आधी येऊन उभी राहायची.

मिकोलांचीही तीच अडचण होती, हे मला उशिरा कळलं. युक्रेनी त्यांची आईची भाषा, पण कारखान्यात चाळीस वर्षं रशियन चाललेली. यंत्राच्या कित्येक भागांची नावं त्यांना युक्रेनीत सुचायचीच नाहीत. ते वाक्याच्या मध्येच थांबायचे, छताकडे बघायचे आणि चिडायचे. मग चहाच्या वेळी ते मोबाइलमध्ये शोधायचे आणि आम्ही दोघे शब्द वहीत उतरवायचो. तेव्हा गुरू कोण आणि चेला कोण, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

माझी खरी शिक्षिका होती त्यांची आई. युक्रेनमधल्याच पोल्तावा शहराच्या बाजूला एका खेड्यात ऐंशी ओलांडलेल्या हान्नाबाई एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे आजीला 'बाबा' म्हणतात, म्हणून त्या बाबा हान्ना. हे ऐकून शेठनी मला विचारलं होतं, "पाटीलभाई, बाई छे के बावा?" बाई आहे की बुवा? यंत्राच्या शेडमध्ये फोन न्यायला बंदी असल्याने मिकोलांचा फोन दिवसभर माझ्या टेबलाच्या खणात असायचा. दुपारी साडेतीनच्या चहाला ते वर ऑफिसात यायचे आणि आईला लावायचे. तिकडे वीज जायची, नेटवर्क जायचं, दोनदोन दिवस लागायचाच नाही. लागला की पडद्यावर बाबा हान्नांचं कपाळ आणि मागे स्टोव्हची चिमणी दिसायची. पूर्ण चेहरा मी एकदोनदाच पाहिला असेन.

त्या मला दर वेळी विचारत, आज काय जेवलास? मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी समजावून सांगण्यात एक अख्खा चहा घालवला. त्या म्हणाल्या, ज्वारी ठाऊक नाही, पण काळी भाकरी आमच्याकडेही असते. मग मिकोलांना म्हणाल्या, हा तुझा पातिल रेडिओसारखा बोलतो, त्याला माणसासारखं बोलायला शिकव. चुकलो की त्या मिकोलांसारख्या दुरुस्त करत नसत. काही कळलंच नाही अशा गप्प बसायच्या. मग मीच पुन्हा म्हणायचो.

बहुतेक वेळा फोनचा शेवट भांडणात व्हायचा. मिकोलांचं म्हणणं, तू घर सोड, पश्चिमेला सुरक्षित गावी जा, मी सोय करतो. आईचं म्हणणं, मी माझ्या घरी आहे. ते आवाज चढवायचे, त्या फोन ठेवायच्या. मग मिकोला थंड झालेला चहा पीत म्हणायचे, निघताना तिला उचलून गाडीत घालायला हवी होती. मी तिला मागे टाकून आलो. हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

तो गुरुवार होता. शनिवारी यंत्राची चाचणी होती. ज्यांचं काम त्या लेथवर होणार होतं त्या पार्टीचे लोक बघायला येणार होते, शेठनी मुहूर्त काढला होता, नारळ येऊन पडले होते. सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. मिकोलांचा उचलला नाही तर लावायचा म्हणून माझा नंबर त्यांनी शेजारीण ओल्हा हिला देऊन ठेवला होता. ओल्हा म्हणाली, बाबा हान्नांना काल तालुक्याच्या दवाखान्यात आणलं आहे, हृदय नीट चालत नाही, मिकोला आहेत का? मी म्हणालो, शेडमध्ये आहेत, बोलावतो. ती म्हणाली, थांबा, तिला तुमच्याशीच बोलायचंय, दम टिकेल न टिकेल.

मग बाबा हान्ना बोलल्या. हळू, शब्द सुटा करून, जसं त्या मला शिकवताना बोलायच्या तसं.

"पातिल, ऐक. मिकोलाला सांग, निघू नकोस, रस्ता वाईट आहे. आणि सांग, मी माझ्या घरी राहिले ती माझ्या मनानं राहिले. मला कुणी मागं टाकलं नाही. कळलं? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. सगळं, जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "आता माणसासारखं बोलतोस." मी सांगितलं, तासाभरात त्यांचा फोन येईल. ओल्हाने फोन घेतला आणि बंद केला.

ज्याने परकी भाषा शिकली आहे त्याला माहीत असेल, फोन ही शेवटची परीक्षा असते. समोर चेहरा नाही, हात नाहीत, ओठ दिसत नाहीत. त्या दिवशी मला एकही शब्द अडला नाही. आणि खरं सांगायचं तर खुर्चीवरून उठताना मला आधी त्याचाच आनंद झाला. एक बाई मरायला टेकली आहे, हे जिना उतरताना डोक्यात आलं.

जिन्याच्या तळाशी शेठ भेटले. मी त्यांना सांगितलं. का सांगितलं? सवय. जे येईल ते आधी शेठच्या कानावर घालायचं, ही सवय. ते वाईट माणूस नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "पाटीलभाई, ए जाय तोय पहोंचे नहीं. शनिवार पछी कहेजो." तो निघाला तरी पोचणार नाही, शनिवारनंतर सांगा.

हिशेब बरोबर होता. सुरतेहून पोल्तावा तेव्हा चारपाच दिवसांच्या आत गाठता येत नव्हतं. पण माणूस पोचला नसता तरी आवाज पोचला असता. हे मला तिथेच, जिन्याच्या पायरीवर, स्पष्ट कळलं होतं. ते मी शेठना म्हणालो नाही. मला त्या कारखान्यात कायम करायचं बोलणं शनिवारनंतर होणार होतं. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

साडेतीनला मिकोला चहाला आले. आईचा फोन लावला, लागला नाही. ओल्हाचा लावला, लागला नाही. म्हणाले, वीज गेली असेल. मी म्हणालो, हो, वीज गेली असेल. आणि त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली.

शुक्रवारी सकाळी खणातला त्यांचा फोन थरथरला. लाकडाच्या खणात फोन थरथरला की मोठा आवाज होतो. दोनदा थरथरला. मी समोरच्या कागदाचं भाषांतर करत बसलो. त्या दुपारीही त्यांनी फोन हातात घेतला. ओल्हाचा येऊन गेलेला दिसला. त्यांनी उलट लावला, लागला नाही. मी पुन्हा बिस्किटं सरकवली.

शनिवारी चाचणी उत्तम झाली. टेबल फिरलं, हत्यार खाली आलं, लोखंडाची निळसर चकाकती चकली सुटत गेली. पार्टीच्या लोकांनी माप घेतलं आणि मान हलवली. शेठनी मिकोलांना शाल पांघरली, नारळ दिला. मिकोला शाल तशीच अंगावर घेऊन वर आले आणि फोन लावला. या वेळी ओल्हाने उचलला. ते ऐकत राहिले. नारळ त्यांच्या काखेत होता.

आई शुक्रवारी पहाटे गेली होती. पुरायचं आज, शनिवारी होतं.

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "ओल्हा म्हणते, आई गुरुवारी तुझ्याशी बोलली."

इथे मी खरं बोलू शकलो असतो. एकदा गाळलेलं दोन दिवसांनी का होईना, परत घालता आलं असतं. पण तसं केलं तर गुरुवारपासून मला सगळं माहीत होतं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आवाज तुटत होता. मला कळलं नाही. नेहमीची खुशाली असेल असं वाटलं. माझी भाषा कच्ची आहे."

बोलताना मी क्रियापदं मुद्दाम चुकवली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं. पण ते म्हणाले, "तुझी चूक नाही. मी तुला नट आणि बेअरिंग शिकवलं. आजार शिकवला नाही, मरण शिकवलं नाही. चूक माझी." थोड्या वेळाने विचारलं, एखादा शब्द तरी आठवतो का? रिकामा हात दाखवणं मला जमलं नाही. मी दोन शब्द दिले. घर. रस्ता.

त्या दोन शब्दांवर त्यांनी स्वतःच पूर्ण वाक्य उभं केलं. आई घर सोडायला तयार झाली होती. ती रस्त्याला लागायला निघाली होती, तिला न्यायला कुणी नव्हतं. मी समोर बसून ते ऐकलं. एका वाक्यात ते मोडता आलं असतं, आणि ते वाक्य मला पाठ होतं.

सोमवारपासून, साडेतीनच्या चहाला, ज्या वेळी आईचा फोन व्हायचा त्या वेळी, मिकोला मला शिकवायला बसू लागले. पुन्हा असं कुणाचं होऊ नये म्हणून, असं म्हणाले. वहीचं नवं पान काढलं. छातीत दुखणं. धाप. श्वास. शुद्ध हरपणं. डॉक्टर म्हणतात आशा नाही. निरोप. शवपेटी. माती. ते शब्द म्हणायचे आणि मी त्यांच्यामागून म्हणायचो. यातले बहुतेक मला आधीच येत होते, कितीतरी खुद्द बाबा हान्नांनी गावातल्या मेलेल्यांच्या गोष्टी सांगताना शिकवलेले. पहिल्या खेपेला मी ते चुकवायचो. दुसऱ्या खेपेला थोडे कमी. शिकतोय असं दिसायला पाहिजे. ते न कंटाळता दुरुस्त करायचे. एकदा 'माती' हा शब्द मी तिसऱ्या खेपेलाही चुकवला तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, येईल, घाई नाही.

असे अकरा दिवस. मग ते सुरतेहून निघून गेले.

मी कायम झालो. लेथ आजही चालतं, उत्तम चालतं. युक्रेनी मी सोडली नाही. रोज सकाळी तासभर वाचतो, बातम्या ऐकतो, आता ती माझ्या रशियनपेक्षा चांगली आहे. लोक म्हणतात, पाटील, या वयात कमाल आहे. मिकोला सणावाराला फोन करायचे. माझी प्रगती ऐकून खूश व्हायचे. म्हणायचे, आईने ऐकायला हवं होतं.

या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. गावी जाता आलं होतं, आईच्या कबरीवर दगड बसवायचा होता. कोरणारा ठरला होता. तिच्या नावाखाली ते एक ओळ घालणार होते: आई, तुला न्यायला आलो नाही, माफ कर. मला त्यांनी विचारलं, ओळ कशी वाटते? तिच्याशी शेवटचा तूच बोललास, म्हणून तुला विचारतो. मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, उद्या बोलू. पुन्हा तेच कारण.

त्या संध्याकाळी मी सुनंदाला, माझ्या पत्नीला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडणं थांबलं नाही, पण हात हळू झाले. शेवटी म्हणाली, "अहो, एवढी वर्षं हे पोटात ठेवून तुम्ही जेवत होतात?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "तो दगड घडेल ना आता. मग काय कराल? दगडाला सांगाल आवाज आला नाही म्हणून?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी फोन लावला. नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं. गुरुवारी किती वाजता फोन आला, मी कुणाला सांगितलं, चहाला काय म्हणालो, खणातला फोन, घर आणि रस्ता, अकरा दिवसांचे धडे. शेठचं नाव घेतलं, पण निर्णय माझा होता हेही म्हणालो. सगळं युक्रेनीत. त्यांनी मध्ये एकदाही दुरुस्त केलं नाही.

मग ते म्हणाले, "ती काय बोलली ते सांग. तिच्या शब्दांत."

मी सांगितलं. दुभाषी 'मी' म्हणतो, म्हणून मीही तसंच म्हणालो. मिकोला, निघू नकोस, रस्ता वाईट आहे. मी माझ्या घरी राहिले ती माझ्या मनानं राहिले. मला कुणी मागं टाकलं नाही.

"परत."

मी परत म्हणालो.

मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता, म्हणजे ते अंगणात असावेत. मग ते इंग्रजीत बोलले. मोजक्या शब्दांचं इंग्रजी ते शेठशी, पार्टीच्या लोकांशी, गेटवरच्या वॉचमनशी बोलायचे. माझ्याशी कधीच नाही. म्हणाले, "थँक यू फॉर इन्फर्मेशन, मिस्टर पाटील." आणि फोन बंद झाला.

सुनंदा दारात उभी होती. विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. ती म्हणाली, बरं. आणि चहा ठेवायला गेली.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही.

दीड महिन्याने त्यांच्या नंबरावरून एक फोटो आला. काळा दगड, बाजूला ओलं गवत. वर नाव, खाली जन्माचं आणि मरणाचं साल. त्याखाली दोन ओळी. फोटोसोबत एक शब्दही नव्हता. मी चष्मा लावून तो मोठा केला आणि वाचला. माफीची ओळ नव्हती. 'मी माझ्या घरी राहिले ती माझ्या मनानं राहिले. मला कुणी मागं टाकलं नाही.' मी फोनवर सांगितलं होतं तसंच, शब्दास शब्द.